कुसळं काढलेलं बोंड

सुतकाच्या घरात पहिली विचारपूस गेलेल्या माणसाची होते आणि दुसरी बिनलग्नाच्या पोराची. आमच्या बिलोलीकडं ती अशी येते, “मग, पोराचं कवा करायलाव?” रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटात बोली वेगळी आहे, प्रश्न तोच. वडील वारले म्हणून तिशीतला आनंद आईबरोबर मुंबईहून गावी येतो. दहा दिवस पायात चप्पल घालायची नाही, दोनच वेळा जेवायचं, आणि येईल त्या पाहुण्याला लग्नाविषयी काहीतरी सांगायचं.

आनंदचा ओढा पुरुषांकडं आहे. आईला ते माहीत आहे, वडिलांनाही माहीत होतं. चित्रपटाचा सगळा जीव मला या एका गोष्टीत दिसतो. अशा कथांमध्ये आपण एका प्रसंगाची वाट बघत असतो: मुलगा धीर करून सांगणार, घर हादरणार, आई रडणार. इथं ते सांगून झालेलं आहे, पडदा उघडण्याआधीच. त्यामुळं दिग्दर्शकाला त्याच्या पुढचं दाखवता येतं. एकदा खरं बोललेली माणसं रोज एकमेकांशी कशी वागतात?

आई सुमन त्याला एक उत्तर पढवून ठेवते. कोणी विचारलं तर सांगायचं, एका मुलीनं फसवलं, आता लग्नावरून मन उडालं. उत्तर खोटं आहे. पण मायलेकांनी ते मिळून ठरवलंय, आणि एकमेकांशी खरं बोलल्याशिवाय असं खोटं ठरवताच येत नाही. जयश्री जगताप यांनी ही आई फार जपून उभी केली आहे. तिच्या आवाजात ना उपकार केल्याचा भाव, ना लाज. पोराला उन्हात पाठवताना आई डोक्यावर पंचा टाकते, तसं ती ते खोटं त्याच्या डोक्यावर टाकते. तरी उन्हाची झळ लागतेच, आणि आनंद झालेल्या भूषण मनोज यांच्या चेहऱ्यावर ती दिसते. न झालेल्या प्रेमभंगाचं दुःख त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वडील गेल्याचं खरं दुःख मात्र आतच राहतं.

हे लपवणं पाहताना मला एक मालिका आठवली. थायलंडमधल्या 2023 च्या ‘आय फील यू लिंगर इन द एअर’मध्ये जोम नावाचा आर्किटेक्ट आजच्या काळातून निसटून शंभरेक वर्षांपूर्वीच्या चियांग माईत पोचतो आणि तिथल्या एका घरंदाज तरुणावर त्याचा जीव जडतो. पण आपण कुठल्या काळातले, हे त्याला चटकन सांगता येत नाही. प्रेम खरं, पण ओळख अर्धी. आनंदला काळ ओलांडावा लागत नाही, मुंबईची गाडी पुरते. 2018 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा फास काढला. तो निकाल त्याच्या काळातला आहे. गावच्या ओसरीवर तो काळ अजून पोचलेला नाही. तिथं आनंदही जोमसारखाच, आपला काळ लपवून बसलेला पाहुणा.

ओसरीपासून दूर, शेळ्यांमागं, बाळ्या भेटतो. लहानपणचा मित्र. त्याच्याही मागं घरच्यांचा लग्नाचा लकडा आहे. सूरज सुमन यांनी त्याला बोलघेवडा केलेलं नाही. दोघं फार बोलत नाहीत, तरी एकमेकांना सगळं कळतं. आनंदसाठी बाळ्या साबर बोंडं मिळवून आणतो. निवडुंगाचं हे फळ ज्यानं हातानं काढलंय, त्याला या भेटीचं मोल कळेल. मोठा काटा दिसतो, तो टाळता येतो. बारीक कुसळं दिसत नाहीत. बोटात शिरली की दोन दिवस सलतात. बोंड मातीत घोळायचं, फडक्यानं पुसायचं, मग सोलायचं. आतला गर लालभडक, गोड. दुसऱ्यासाठी कुसळं आपल्या बोटांवर घेणं, यापेक्षा उघड बोलणं मला तरी सुचत नाही.

चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे मला फार भावलं. कुठं गहिवरायचं ते कुणी सुचवत नाही. कॅमेरा बहुतेक वेळा जागचा हलत नाही, आणि शांतता इतकी, की माणूस बोलायच्या आधी थांबतो ते थांबणंही ऐकू येतं. कानवडे यांचे वडील 2016 मध्ये गेले. तेव्हा सुतकात गावी राहताना नातेवाइकांनी लग्नासाठी धरलेला हट्ट या कथेच्या मुळाशी आहे. 2025 मध्ये या चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. मी तो त्या सप्टेंबरात पुण्यात मुलाकडं गेलो असताना थिएटरात पाहिला.

पाहताना आमचं घर आठवत होतं. मांजरा नदीच्या पलीकडं बोधनला आमचे सोयरे. आजी मराठीत बोलता बोलता मध्येच तेलुगूत शिरायची. पोरांना कळू नये अशी गोष्ट आली, की भाषा बदलायची. आम्ही ओळखायचो, आता खरं बोलणं चाललंय. आनंद आणि त्याच्या आईतही तसंच आहे. भाषा एकच, पण पाहुणे उठून गेल्यावर आवाज बदलतो.

परवा एका घरी सांत्वनाला बसलो होतो. गेलेल्याचा मुलगा पस्तिशीचा, हैदराबादला नोकरीला, डोकं नुकतंच भादरलेलं. शेजारच्यानं माझ्याकडं पाहत विषय काढलाच, “तुम्ही तरी सांगा की याला.” असं सांगणं मी आजवर कितीदा केलंय. मुलगा मान खाली घालून बिनदुधाच्या चहाचा कप फिरवत होता. मी विचारलं, “शेवटी शेवटी बाबा काय म्हणायचे रे?” त्यानं कप खाली ठेवला आणि बोलायला लागला.