पणाला लागलेली मैत्री

‘पण’ला व्याकरणात न्यूनत्वबोधक अव्यय म्हणतात. हे नाव मी शाळेत पाठ केले होते. अर्थ कळायला मात्र साठी उलटावी लागली.

त्याचे असे झाले. आमच्या एका स्नेह्यांनी जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या आणि निवृत्तीनंतर पदरमोड करून कवितासंग्रह काढला. कुसुमाग्रजांच्या नाशकात राहायचे म्हणजे निदान एक संग्रह निघायलाच हवा. मी एका छोट्या अंकात परीक्षण लिहिले : ‘कविता प्रामाणिक असल्या तरी नव्या नाहीत.’ दुसऱ्या दिवसापासून ते गोदाकाठी फिरायला यायचे बंद झाले.

मी व्याकरण काढून बसलो. दादोबा पांडुरंगांचे १८३६ सालचे, दामल्यांचे १९११चे. एवढी थोर परंपरा! आदर आहेच, पण (हा बघा, आलाच!) आमच्या शालेय पुस्तकांनी ‘पण’ला न्यूनत्वबोधकांच्या खोलीत ठेवले आणि त्याची सख्खी भावंडे ‘जरी–तरी’ यांना ‘जर–तर’शेजारी, संकेतबोधकांत. अहो, ‘पाऊस आला तर येणार नाही’ म्हणणारा आणि ‘पाऊस आला तरी येईन’ म्हणणारा एका खोलीत नांदतील कसे? फरक एका वेलांटीचा. पहिला घरी भजी खातो, दुसरा भिजत येतो.

आणि न्यून कुठल्या बाजूला, ते पुस्तक सांगतच नाही. ‘मुलगी सावळी आहे, पण हुशार आहे’ म्हटले की बोलणी पुढे सरकतात. उलटे म्हटले की पत्रिका जुळत नाही. मागून येतो तो जिंकतो.

माझा भाचा हॉलंडमध्ये डच शिकतो. त्याला फोनवर विचारले, ‘काय रे, तुमच्याकडे ‘पण’ला काय म्हणतात?’

‘मार.’

‘अं?’

‘मार, मामा. आणि ‘जरी’ला हूवेल. तो आला की त्या वाक्यातले क्रियापद मुकाट्याने शेवटी जाऊन बसते.’

आपले क्रियापद एरवीही शेवटीच बसलेले. म्हणजे आमच्या स्नेह्यांना ‘नाहीत’ येईपर्यंत आशा असणार!

मी चिठ्ठी पाठवली : ‘कविता नव्या नसल्या तरी प्रामाणिक आहेत.’ माल तोच, वजन तेच. उत्तर आले नाही.

आठव्या दिवशी सकाळी पाऊस लागला होता. मी छत्री घेऊन निघालो, तर कोपऱ्यावर ते उभे. पुस्तकाचे नाव नाही, परीक्षणाचे नाव नाही.

‘घाटावर निघालात? थांबा, मी पण येतो.’

हा ‘पण’ कुठल्या खोलीतला, ते बघायला मी अजून पुस्तक उघडलेले नाही.