सिनर्जी ०.५, पण जंतू अजून रेझिस्टंटच!

आपल्या जळगाव-धुळ्याकडे पोट दुखलं की आधी ओव्याची बरणी उघडते. त्यामुळे ‘अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू ओव्याच्या तेलाने मारले’ असा मेसेज आला की तो लगेच पटतो आणि पुढे जातो. मेसेजमागचा शोधनिबंध बहुतेक वेळा खराच असतो. प्रश्न आहे तो निबंधात काय मोजलंय आणि काय मोजायचं राहिलंय याचा.

कल्पना चांगलीच आहे. ओव्याच्या तेलातलं थायमॉल किंवा लवंगेतलं युजेनॉल जंतूच्या पेशीपटलात घुसतं, ते सैल करतं आणि अँटिबायोटिकला आत शिरणं सोपं होतं. औषधाला मदतनीस देणं नवीन नाही. अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिड देतात, ते औषध फोडणारं जंतूचं एन्झाइम बंद पाडायलाच.

तपासणी होते ‘चेकरबोर्ड’ पद्धतीने. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका दिशेने तेल, दुसऱ्या दिशेने अँटिबायोटिक, दर खळग्याला निम्मं करत जायचं. ज्या कमीत कमी मात्रेला वाढ थांबते ती एमआयसी. समजा, एका ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ३२ मायक्रोग्रॅम प्रति मिली आहे आणि तेलाची ४ मिलीग्रॅम. एकत्र दिल्यावर ८ मायक्रोग्रॅम आणि १ मिलीग्रॅम पुरले. म्हणजे दोन्ही पाव-पाव, बेरीज ०.५. हा एफआयसी निर्देशांक. तो ०.५ किंवा कमी आला की ‘सिनर्जी’ म्हणायचं आणि निबंध लिहायला घ्यायचा!

इथेच थांबा. या पद्धतीत एका खळग्याचा फरक नेहमीच पडू शकतो. तेल एक खळगा सरकून २ मिलीग्रॅमवर गेलं, तर बेरीज ०.७५ आणि सिनर्जी गायब. त्यात तेल उडून जातं, शेजारच्या खळग्यात वाफ पोचते, पाण्यात ते मिसळत नाही म्हणून ट्वीन ८० घालावं लागतं. प्लेट सील केली होती का? नुसत्या ट्वीनचा कंट्रोल ठेवला होता का? प्रयोग किती वेळा केला?

याहून मोठा मुद्दा पुढे आहे. सीएलएसआयच्या निकषानुसार ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.२५ किंवा कमी असेल तर जंतू संवेदनशील, १ किंवा जास्त असेल तर रेझिस्टंट. आपण ३२ वरून ८ वर आलो. म्हणजे निर्देशांकाने आपण जिंकलो, पण रुग्णाला काहीच मिळालं नाही. आणि १ मिलीग्रॅम प्रति मिली तेल रक्तात हवं असेल, तर ५ लिटर रक्तासाठी ५ ग्रॅम लागेल, तेही यकृताने त्याला हात लावला नाही असं धरून. म्हणून तेल पिण्याचा विचार सोडा. जखमेवरच्या मलमासारखा बाहेरचा वापर जास्त शक्य वाटतो. तिथेही त्वचेची जळजळ तपासावी लागेलच.

अजून एक गंमत. शीर्षकात ‘रेझिस्टंट’ असतं आणि आत बघावं तर एटीसीसी २५९२२. हा ई. कोलाय तुलनेसाठी वापरतात तो संवेदनशील स्ट्रेन आहे!

चांगलं काम कसं असतं? जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये मिऱ्यातल्या पायपरिनवर केलेलं काम बघा. पायपरिन हे तेल नाही, पण प्रश्न हाच. स्टॅफिलोकोकस ऑरियसवर सिप्रोफ्लॉक्सासिन जास्त चाललं, एवढं सांगून ते थांबले नाहीत. पेशीत शिरलेलं रंगद्रव्य बाहेर फेकणं पायपरिनमुळे मंदावतं, हे मोजून त्यांनी ‘का’ याचं उत्तर शोधलं.

माझ्यासारखे जे कोणी या विषयात प्रयोग करताय, त्यांना एकच सांगणं. तक्त्यात निर्देशांकाशेजारी दोन रकाने वाढवा: तेलासोबतची एमआयसी आणि रेझिस्टंट ठरवणारी मर्यादा. वाचणाऱ्याला एका नजरेत कळेल. आणि मेसेज वाचून अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडायला निघालेल्यांनो, कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढाच घ्या. ओवा भाकरीसोबत खाच की, त्याला कोण नाही म्हणतंय!