बासरी, गिटार आणि उसनं बालपण

बासरी आणि गिटार एकत्र आली की 'बालपणीच्या आठवणी' असं शीर्षक द्यायचं आणि जुन्या चित्रपटगीताची चाल वाजवायची, हे आता पुरे. बासरी मुखडा वाजवते, गिटार खाली तेच चार कॉर्ड छेडत राहते. अंबरनाथ-बदलापूरकडची तयारीची मुलंही याच वाटेनं निघालेली पाहिली आणि राहवेना.

या जोडीला आपल्याकडे केवढा वारसा आहे! 1967च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार आहे. एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या वेळांवर उभा केलेला. सुरुवात अहिरभैरवनं. या रागाचा कोमल ऋषभ बासरीवाला भोकावरचं बोट अलगद सरकवत घेतो. पडद्यांच्या गिटारवर तोच स्वर एका जागी घट्ट बसलेला असतो. काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवरून पोलादी कांडी फिरवली आणि मींड काढली. अली अकबर खाँसाहेबांची तालीम त्या हातात होती. अशी गिटार बासरीला साथ करत नाही, उत्तर देते. अर्जेंटिनाचा संगीतकार पियाझोला यानंही 1980च्या दशकात पाश्चात्त्य बासरी आणि गिटार या जोडीसाठी 'टँगोचा इतिहास' ही रचना लिहिली. चार भाग, चार काळ आणि प्रत्येकाची घडण वेगळी.

आठवणीला घडण लागते, आणि घडवण्यासारखं या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात किती आहे! उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत वसवलं. पत्ता अजून कॅम्प एक ते पाच असाच सांगतात. तिथल्या आजोबांचं बालपण सिंधमध्ये राहिलं. सिंधी अलगुजात एक नळी आधारस्वर धरते, दुसरी चाल गाते. कॉर्डच्या कुबड्या टाकून गिटारनं तो आधारस्वर का धरू नये? अंबरनाथला 1060 सालचं शिवमंदिर आहे आणि शेजारून कारखान्यांच्या सांडपाण्यानं नासलेली वालधुनी वाहते. बदलापूरच्या मुलांनी जुलै 2019चा उल्हास नदीचा पूर पाहिला, महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकलेली पाहिली. त्या मुलांच्या आठवणीत जुन्या गाण्यांतली आंबराई आणि झोके कुठून आले?

लोकांना गोडच आवडतं, हा युक्तिवाद मला मान्य नाही. लोकांसमोर दुसरं ठेवलंय कुणी? जर्मन संगीतकार शूमननं 1838 साली पियानोवर बालपण मांडलं, तेही मोठ्या माणसाच्या नजरेनं. त्यात मुलांचे खेळ आहेत, तशी भीतीही आहे. आपल्या वादकांनी भीती गाळली, कारखान्याचा भोंगा गाळला, पूर गाळला. उरला तो निव्वळ गोडवा, आणि तोही दुसऱ्याच्या चालीतला. बासरीवाल्यानं आणि गिटारवाल्यानं समोरासमोर बसून स्वतःची रचना बांधावी, लिहून काढावी, कर्कश स्वर लागेल तिथे तो निर्धास्त ठेवावा. हे करायची तयारी नसेल, तर कार्यक्रमाला 'जुनी गाणी' एवढंच नाव द्यावं.