एका ओळीतली वंशावळ

कुठलंही पान मागवताना ब्राउझर सर्व्हरला आपली ओळख सांगतो. विंडोजवरच्या क्रोमची ओळख साधारण अशी असते : मोझिला/५.० (विंडोज एनटी १०.०, विन६४, एक्स६४) ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको) क्रोम/१२०.०.०.० सफारी/५३७.३६. ही ओळ माणसांनी वाचावी म्हणून कुणी लिहिलेली नाही, तरीही ती सावकाश वाचण्याजोगी आहे. पान रंगवणाऱ्या इंजिनांचा सगळा इतिहास तिच्यात दाटीवाटीने बसला आहे.

सुरुवातच थापेने होते. मोझिला हे मूळ नेटस्केपचं टोपणनाव. फ्रेम्स असलेली पानं तेव्हा हे नाव सांगणाऱ्यालाच मिळत. मग इंटरनेट एक्सप्लोररनेही तेच नाव लावलं आणि पुढे तो रिवाजच पडला.

ओळीचा खरा कस दुसऱ्या कंसात आहे. केएचटीएमएल हे केडीई प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी कॉन्करर ब्राउझरसाठी घडवलेलं इंजिन. जानेवारी २००३मध्ये ॲपलने सफारी जाहीर केला, तो याच इंजिनाच्या पायावर. एक लाख चाळीस हजार ओळींच्या आतला, सुटसुटीत कोड ॲपलला भावला होता. त्यातून वेबकिट उभं राहिलं. म्हणजे केएचटीएमएल हा सख्खा पूर्वज. शेजारचा गेको मात्र नेटस्केप-मोझिलाच्या घराण्यातला. त्याच्याशी रक्ताचं नातं नाही. ‘गेकोसारखा’ असं म्हटलं की गेकोसाठी राखलेली चांगली पानं पदरात पडत, एवढाच मतलब. एका स्वल्पविरामाच्या अलीकडे खरं कुळ आणि पलीकडे सोयीची सोयरीक!

५३७.३६ हा आकडाही बोलका आहे. २००८पासून वेबकिट वापरणाऱ्या गूगलने एप्रिल २०१३मध्ये वेगळी चूल मांडली आणि ब्लिंक हे इंजिन जाहीर केलं. आकडा तिथेच गोठला. गंमत अशी की, आज पान प्रत्यक्ष रंगवणाऱ्या ब्लिंकचं नाव या ओळीत कुठेच नाही.

नाव बघून पान देण्याची सर्व्हरची खोड आणि जुनी पानं मोडू नयेत ही ब्राउझरची काळजी, यांतून ही ओळ वाढत गेली. ती खोटी आहे, पण कृतघ्न नाही. वेबवर पानं रचणाऱ्यांनी यातून एवढंच घ्यावं : ब्राउझरला नाव विचारू नका, काय येतं ते विचारा.