तसवीर आणि आरसा

अम्मीचा एकच फोटो आमच्याजवळ आहे. २०११ साली हजला जायचे ठरले तेव्हा कागदपत्रांसाठी अकोल्यातल्या एका स्टुडिओत तो काढला. मागे पांढरा पडदा. ओढणी कपाळावरून किती मागे घ्यावी यावरून फोटोवाल्याशी हुज्जत झाली होती, तिचा राग डोळ्यांत तसाच राहिला आहे. अम्मीच्या इंतकालानंतर धाकट्या भावाने तो मोठा करून बैठकीत लावला, आणि चाचांनी आठ दिवसांत उतरवायला लावला. ज्या घरात तसवीर त्या घरात फरिश्ते येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. आता तो रेशनकार्ड आणि घरटॅक्सच्या पावत्यांच्या पिशवीत आहे.

वऱ्हाडातल्या पुष्कळ मुसलमान घरांत फोटोची जागा हीच. सरकारने मागितला म्हणून चेहरा दिला. लग्नाचा अल्बम असतो, पण त्यातही नवरीने कुठे बघायचे ते फोटोवालाच ठरवतो. मनातले काही सांगावे म्हणून माणसाची तसवीर काढावी, ही गोष्ट आमच्याकडे जवळजवळ नाहीच. गझल आहे, कव्वाली आहे, भिंतीवर आयतींची सुंदर खुशखती आहे. आम्ही बी.एड. केले तेव्हा कविता कशी शिकवावी याचे पाठ घेतले. तसवीर कशी पाहावी याचा एकही नाही.

या प्रश्नावर उलेमांनी खूप लिहिले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटो जायज ठरवणारा एक रिसालाच लिहिला. त्यांचा मुद्दा असा की फोटोत कुणी काही घडवत नाही. आरशात जशी छबी पडते तशी सावली पडते, ती फक्त धरून ठेवली जाते. हिंदुस्थानातल्या अनेक उलेमांना ही दलील पटली नाही. आम्ही मुफ्ती नाही, त्या वादात पडत नाही. परंतु साहित्याचा वाचक म्हणून एक गोष्ट आम्हांला खटकते. फोटोला परवानगी मिळाली ती तो कला नसल्यामुळे! आरसा निवडत नाही. आणि ज्याने निवडायला सुरुवात केली, त्याच्यापुरती ही दलील कमकुवत होते. कलेचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

आमच्या अकोल्याचेच उदाहरण घेऊ. सुधारक ओलवे यांचा जन्म अकोल्याचा, १९६६ चा. मुंबईत ते वृत्तपत्र छायाचित्रकार झाले आणि तेथील महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाला लोक वार्तांकन म्हणतात, सामाजिक दस्तऐवज म्हणतात. ते आहेच. पण घाणीत उतरलेल्या त्या माणसांकडे पाहताना ओलवे यांनी घेतलेले निर्णय लपत नाहीत. त्यांनी रंग काढून टाकला. रंगात ती घाण पाहवली नसती, आपण लगेच मान फिरवली असती. काळ्या-पांढऱ्यात डोळा थांबतो, आणि थांबला की चिखलातून खांदा, मान, माणसाचा आकार वर येतो. हा आरशाचा कारभार नव्हे. यात ओलवे यांचा संताप आहे, तो त्यांनी शब्दांत न लिहिता शरीराच्या आकारात लिहिला.

तरी एक तक्रार नोंदवतो. या छायाचित्रांत दुःख कामगाराचे आहे आणि उद्गार ओलवे यांचा. गटारात उतरलेल्या माणसाला आपण कसे दिसावे हे ठरवायची फुरसत कुठे? म्हणून आम्हांला त्यातली कामगारांच्या घरांतली, बायकामुलांतली छायाचित्रे अधिक जवळची वाटतात. तिथे समोरचा माणूसही थोडे काही ठरवतो.

हे ठरवणे पुरते पाहायचे तर सेदू केता यांच्याकडे जावे लागते. आफ्रिकेतल्या माली देशाची राजधानी बामाको, वस्ती बहुतांशी मुसलमानांची. तेथे केता यांनी १९४८ साली स्टुडिओ काढला. मागे पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची चादर लावली. गिऱ्हाइकांसाठी घड्याळ, रेडिओ, कोट ठेवलेले असत. बायका वेलबुट्टीच्या कपड्यांत त्या वेलबुट्टीच्या चादरीसमोर ऐटीत बसत, कापडात कापड मिसळे, आणि मधून चेहरा उठून दिसे. गंमत अशी की १९९१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हे फोटो लागले तेव्हा खाली केता यांचे नावच नव्हते, छायाचित्रकार अज्ञात म्हणून लागले!

केता यांची छायाचित्रे पुस्तकात पाहिली तेव्हा आम्हांला अब्बांचा १९७९ चा फोटो आठवला. अमरावतीत इतवाऱ्याजवळ काढलेला. मागे रंगवलेला ताजमहाल, डोळ्यांवर स्टुडिओचा गॉगल, मनगटावर मित्राचे घड्याळ. लहानपणी आम्ही त्यावर हसत असू. आज वाटते, अब्बांनी आयुष्यात स्वतःविषयी केलेले एकमेव निवेदन ते असावे. अम्मीला तेवढीही संधी मिळाली नाही.

इराणच्या शिरीन नेशात यांनी ती संधी जोरात घेतली. १९९३ ते १९९७ या काळातली त्यांची ‘विमेन ऑफ अल्लाह’ ही मालिका गाजली. चादर ओढलेली स्त्री, हातात बंदूक, आणि फोटोतल्या उघड्या चेहऱ्यावर, तळव्यांवर शाईने लिहिलेल्या फारसी ओळी. पुष्कळ फोटोंत त्या स्वतःच आहेत. कॅमेऱ्याची कळ दुसऱ्यांनी दाबली, तरी तसवीर नेशात यांचीच राहते. ती अक्षरे इराणी कवयित्रींच्या कवितांची आहेत. उर्दू वाचणाऱ्या आपल्या वाचकाला त्यातला एखादा शब्द लागतो आणि तसवीर एकदम बोलू लागते. परदेशी गॅलरीतल्या पाहुण्याला मात्र ती नक्षी वाटते. आमचे मत असे की बंदूक नसती तर ही चित्रे अधिक खोल गेली असती. चादर आणि बंदूक ही जोडी जगाने आमच्याविषयी आधीच ठरवून ठेवली आहे, तिला पुन्हा खाऊ घालण्याची गरज नव्हती. नुसता लिहिलेला तळवा पुरेसा होता.

एवढे सगळे इतरांविषयी लिहिले, आता आपल्या घरातले. घर अकोल्याचे असले तरी आमची नोकरी अमरावतीला आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी नववीच्या एका मुलीने मोबाईलवर काढलेला फोटो मोठा करून आणला. शिलाई मशीनवर बसलेली तिची अम्मी, पाठमोरी. ओढणी खांद्यावर घसरलेली, चाकावरचा हात हलल्यामुळे धुरकट. चेहरा दिसत नव्हता, पण त्या पाठीवरून दुपार किती वाजेपर्यंत आली आहे हे कळत होते. खाली उर्दूत तिने लिहिले होते, ‘अभी तीन कमीज़ बाक़ी हैं’.

कुणी बोलायच्या आत आम्हीच तो काढून घेतला आणि त्या जागी चिखलदऱ्याचा देखावा लावला. पालक रागावतील, असे तिला सांगितले.

“सर, अम्मीनेच काढायला लावला,” ती म्हणाली. “म्हणाली, चेहरा नको, पाठ घे.”

ती आता अकरावीला आहे. फोटो आमच्याच कपाटात आहे, परत द्यायला अजून गेलो नाही.