सवडीचे सोंग

उत्तरार्धाचे नशीब मोठे विचित्र असते. पूर्वार्ध उघडताना वाचकाचे काहीच येणे नसते. उत्तरार्ध हाती घेताना मात्र तो ऋणकोच्या ओसरीवर ठाण मांडलेल्या सावकारासारखा बसलेला असतो. आपल्या कीर्तनकारांना हे पक्के ठाऊक. पूर्वरंग रंगला की बुवांची खरी कसोटी उत्तररंगात लागते.

आज ज्या उत्तरार्धाविषयी लिहावयाचे आहे तो पुस्तकाचा नव्हे, संगणकावरील खेळाचा आहे. दिवाळी अंकात खेळाची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. पण ज्या खेळात खेळणारा एक सोंग घेतो, त्या सोंगाच्या तोंडून बोलतो, त्याच्या वतीने बरेवाईट ठरवतो आणि दिवसचे दिवस त्यातच वावरतो, तो खेळ कादंबरीचा चुलतभाऊच म्हणावयाचा. त्याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपल्या बहुरूप्याला हे नाव समजले नसते. धंदा मात्र तत्काळ समजला असता.

कॅनडातील एडमंटन शहरी १९९५ साली तिघा डॉक्टरांनी काढलेली 'बायोवेअर' ही कंपनी या कलेतली नामांकित. तिचा 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' २००९ च्या नोव्हेंबरात आला. माझ्या पुतण्याने तो मला दाखविला आणि पुढे महिनाभर त्या बिचाऱ्याला स्वतःच्या संगणकाजवळ जागा मिळाली नाही. त्या खेळात सहा जन्म होते. सरदाराच्या वाड्यात जन्मावे, मांत्रिकांच्या मनोऱ्यात वाढावे, किंवा बुटक्यांच्या भूमिगत राजधानीत जन्म घ्यावा. तिथेही एक राजघराण्यातला, तर दुसरा जातीबाहेर टाकलेला. पुढे त्या राजधानीत परतले, की तेच दरबारी दोघांशी निरनिराळे वागत. घेतलेल्या सोंगाची जग आठवण ठेवीत होते. या खेळाची सारी गोडी त्यात होती.

दुसरा भाग २०११ च्या मार्चमध्ये, म्हणजे अवघ्या १६ महिन्यांत, बाजारात आला. त्याची कल्पना पहिल्याहून धाडसी होती. येथे जग वाचवावयाचे नव्हते. देशोधडीस लागलेले एक कुटुंब कर्कवॉल नावाच्या बंदराच्या शहरी येते आणि त्यातला हॉक हा नायक सुमारे दहा वर्षांत नावारूपास येतो. परक्या गावात पाय रोवण्याची गोष्ट भिवंडीकराला नवी नाही. उत्तर प्रदेशातून आणि तेलंगणातून आलेली कितीतरी घरे येथल्या यंत्रमागांच्या खडखडाटात नांदली आहेत. म्हणून मी मोठ्या आशेने बसलो.

निराशा प्रथमपासूनच सुरू झाली. शहरात शिरकाव मिळावा म्हणून हॉकला वर्षभर भाडोत्री सैनिकांची किंवा चोरट्या व्यापाऱ्यांची चाकरी करावी लागते. निर्वासिताच्या आयुष्यातले हे सर्वांत मोलाचे वर्ष. खेळ ते एका उडीत ओलांडतो! पुढे दहा वर्षे लोटतात, पण गल्ल्या त्याच आणि दुकाने तीच. आमच्याकडे दहा वर्षांनी परतलेल्याला भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे दिसतात. गुहा तर एकच. कधी हे दार बंद, कधी ते, एवढाच फरक. यंत्रमागावर एकच डिझाइन दिवसभर विणण्यात काही गैर नाही. पण तेच ठाण दहा नमुने म्हणून गिऱ्हाइकापुढे उलगडू नये. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपण म्हणतो. सवडीचेही आणता येत नाही. काळाची कथा सांगावयाची आणि तिला काळच द्यावयाचा नाही, असा हा प्रकार.

गुण नाहीत असे नव्हे. ही सारी हकिगत सांगणारा वॅरिक हा बुटका मोठा रंगेल गप्पिष्ट आहे. हॉकच्या आईचा मृत्यू काही केल्या टळत नाही, आणि तो प्रसंग खरोखरी हलवून सोडतो. दैवापुढे माणसाचे चालत नाही, हे दुःख कलेला शोभते.

शेवटी मात्र फसवणूक होते. मांत्रिक आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे धर्मसैनिक यांचे वैर पेटते. हॉकचाच एक सोबती शहराचे प्रार्थनामंदिर स्फोटाने उडवून देतो. बाजू निवडा, असे आपणास बजावले जाते. कोणतीही निवडा, दोन्ही पक्षांच्या म्होरक्यांशी तुम्हाला लढावेच लागते! मग विचारले कशाला?

येथे भिवंडीकराला गप्प राहवत नाही. या गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या झाल्या, दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसून बोलू लागली. आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. माणसांनी निराळे ठरविले, म्हणून निराळे घडले. ठरविण्याला किंमत आहे, हे दाखविणे ज्या कलेला सर्वांत सहज साधावे, तिनेच येथे हात वर केले.

उत्तरार्ध फसावाच असा काही नियम नाही. याच कंपनीने २००० साली 'बाल्डर्स गेट'चा दुसरा भाग पहिल्याहून सरस केला होता. २०१४ साली 'ड्रॅगन एज'चा तिसरा भागही आला, आणि त्यात मुलूखच्या मुलूख मोकळे होते. पण एका शहरात, दहा वर्षांत, एक निर्वासित कसा नागरिक होतो, ही गोष्ट राहून गेली ती गेलीच.