गुपित राखणारे गणित आणि त्याच्या भाषा

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय संख्येने असल्यामुळे नागपुरातील नंदनवनसारख्या वस्तीतला एखादा रुग्ण ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन्ही रुग्णालयांत नोंदलेला असावा, हे सहज शक्य आहे. दोन्ही याद्यांत सामाईक नावे किती, हे आरोग्यनियोजनासाठी कळायला हवे; पण त्यासाठी एका रुग्णालयाने आपली यादी दुसऱ्याच्या हाती देणे रुग्णाच्या खासगीपणाला बाधक ठरते. आपापली माहिती उघड न करता अनेक पक्षांनी मिळून एकच उत्तर काढण्याच्या पद्धतीला बहुपक्षीय सुरक्षित संगणन म्हणतात. तिचा पाया अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये घातला. मात्र सामान्य प्रोग्रामरच्या हाती पडतील अशा भाषा येण्यास दोन दशके लागली.

अशा संगणनाच्या अनेक प्रणालींचा आधार गुपिताचे वाटे करणे हा आहे. ३७ या संख्येचे ४१२, २५० आणि ३७५ असे वाटे तीन सर्व्हरांना दिले, तर बेरजेचे शेवटचे तीन अंक मूळ संख्या सांगतात, परंतु एकट्या वाट्यावरून काहीच कळत नाही. दोन गुप्त संख्यांची बेरीज प्रत्येक सर्व्हर जागच्या जागी करतो; तुलना मात्र महाग पडते, कारण तिच्यासाठी बिट सुटे करून सर्व्हरांना परस्परांशी वारंवार निरोपांची देवाणघेवाण करावी लागते.

२००४ च्या ‘फेअरप्ले’ या प्रणालीने एसएफडीएल या भाषेतील प्रोग्राम बूलियन सर्किटमध्ये, म्हणजे शून्य-एकाच्या साध्या क्रियांच्या जाळ्यात, आपोआप उतरवून दाखवला. जानेवारी २००८ मध्ये डेन्मार्कच्या बीट उत्पादक शेतकऱ्यांच्या बोली गुप्त ठेवून भाव ठरवला गेला आणि हे तंत्र प्रयोगशाळेबाहेरही चालते, हे दिसले. एस्टोनियातील ‘शेअरमाइंड’ या प्रणालीच्या सेक्रेसी या भाषेने कोणता आकडा गुप्त आणि कोणता उघड, हा भेद चलांच्या प्रकारातच नोंदवला.

तरीही सोपी भाषा खर्च झाकते. अटीतला आकडा गुप्त असेल तर कोणती फांदी निवडली गेली हे सर्व्हरला कळता कामा नये, म्हणून दोन्ही फांद्या चालवाव्या लागतात. गुप्त क्रमांकाचे एक घर वाचायचे, तर साध्या पद्धतीत सारी यादी चाळावी लागते. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील ‘ईझीपीसी’ने (२०१९) बेरीज-गुणाकार एका पद्धतीने आणि तुलना दुसऱ्या पद्धतीने करण्याची विभागणी कंपायलरकडे, म्हणजे प्रोग्रामचे रूपांतर करणाऱ्या साधनाकडे, सोपवली, हे मोठेच पाऊल होय. मात्र त्याच वर्षी हेस्टिंग्ज आणि सहकाऱ्यांनी अशा कंपायलरांचा तौलनिक आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी अनेकांचे दस्तऐवजीकरण अपुरे असल्याचे आढळले.

वेगापेक्षा गंभीर उणीव विश्वासाच्या नोंदीची आहे. तीनपैकी दोन सर्व्हरांनी संगनमत केले तर ‘शेअरमाइंड’च्या मूळ रचनेची हमी उरत नाही, परंतु ही अट प्रोग्रामच्या ओळींत कुठेच दिसत नाही. ‘विस्टेरिया’ या भाषेने (२०१४) कोणत्या पक्षाने काय करायचे हे प्रकारपद्धतीत आणले, ‘व्हायाडक्ट’ या कंपायलरने (२०२१) माहितीवरील विश्वासाच्या खुणा वाचून योग्य प्रोटोकॉल स्वतः निवडला. भविष्य या दिशेला आहे. तथापि भाषा संगणनाच्या वाटेवरची माहिती राखते, उत्तरातून गळणारी नाही: एका रुग्णालयाने यादीत एकच नाव ठेवले, तर ‘सामाईक रुग्ण : १’ हे अचूक उत्तरच त्या रुग्णाचे गुपित फोडते. म्हणून किमान किती नावांच्या यादीवर उत्तर द्यायचे, हा नियम प्रोग्रामरच्या मर्जीवर न सोडता भाषेतच लिहिता आणि तपासता आला पाहिजे; तोवर या भाषांना कुशल साधने म्हणता येईल, खासगीपणाची संपूर्ण हमी म्हणता येणार नाही.